काळ्या रानातील लघुजीवांचे गृहसंगोपन

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे महसूल मंडळाचे ठिकाण. येथील जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, हंगामवार पीक, विहीर, बांधावरची झाडे आणि खातेदारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे फेरफार हे सारे सरकारी दप्तरात नोंदलेले असते. आणि निजामाच्या अमदानीतील जमाबंदीचा शिरस्ता १९४८ नंतरही थोड्याफार फेरबदलांनी पुढे चालत आल्यामुळे, आपल्या रानाच्या हद्दीविषयी, आकाराविषयी आणि उताऱ्याविषयी येथील साधा शेतकरीही मोठ्या बारकाईने बोलू शकतो. परंतु त्याच रानाच्या वरच्या वीतभर थरात जी प्रजा अहोरात्र नांदते, जी पालापाचोळा कुरतडते, बुरशीवर चरते, मेलेल्या मुळ्यांचा निकाल लावते आणि आपल्या विष्ठेच्या अतिसूक्ष्म कणांनी मातीची घडण बदलीत राहते, तिला सातबाऱ्यावर रकाना नाही, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली माणसेही या मुलखात फार थोडी असतील. ही प्रजा एखाद्या काचेच्या बरणीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जवळजवळ फुकटात वाढविता येते, आणि असे संगोपन करणाऱ्यास आपल्या जमिनीविषयी जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वस्तात कळत नाही, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हा लेख लिहिला आहे.

मातीतील संधिपाद प्राण्यांत संख्येने दोन वर्ग अग्रेसर आहेत. एक माइट नावाच्या अष्टपाद जीवांचा, आणि दुसरा कोलेंबोला या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या षट्पादांचा. या दुसऱ्यांनाच व्यवहारात स्प्रिंगटेल म्हणतात आणि प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. जगभरात त्यांच्या नऊ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. भारतातील जातींचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. अलाहाबादेस प्राध्यापकी केलेल्या ए. डी. इम्स या कीटकशास्त्रज्ञाने भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील कोलेंबोलांवर १९१२ साली प्रबंध प्रसिद्ध केला, आणि आज आपल्या देशातून नोंदलेल्या जातींची संख्या तीनशेच्या पुढे गेलेली आहे. वनातील कुजकट पाल्याखालच्या चौरस मीटरभर मातीत दहा हजारांपासून लाखापर्यंत स्प्रिंगटेल सापडू शकतात. नांगरलेल्या कोरडवाहू रानात हे प्रमाण बरेच उतरते, तथापि उकिरड्याच्या कडेला, केळीच्या बुंध्याशी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळूखाली किंवा तुळशीवृंदावनाच्या ओलसर विटेखाली पाहिले तर बेंबळीसारख्या कमी पावसाच्या गावातही ते मुबलक मिळतात.

एवढ्या विपुल प्राण्याकडे आपले लक्ष जात नाही याचे कारण त्याचा आकार. बहुतेक जाती एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या असतात. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग डोळ्याशी धरून ओलसर विटेची खालची बाजू निरखली, म्हणजे प्रथम काही पांढरे ठिपके सरकताना दिसतात आणि मग हळूहळू त्यांची शरीररचना उलगडू लागते. डोक्यावर चार खंडांच्या दोन मिशा, वक्षाला पायांच्या तीन जोड्या, आणि मागे सहाच खंडांचे उदर. कीटकांच्या उदराचे खंड याहून अधिक असतात, आणि त्यांची मुखांगे उघडी असतात तर यांची डोक्याच्या आत एका कोशात दडलेली असतात, या व अशाच इतर कारणांमुळे आधुनिक प्राणिशास्त्र यांना कीटकांच्या पंक्तीत न बसविता त्यांचे चुलत भाऊबंद मानते. उदराच्या पहिल्या खंडाखाली एक आखूड नलिका असते. तिच्यातून प्राणी पाणी व क्षार शोषून घेतो, गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटून राहतो, आणि काही जातींत तर तिच्या टोकाच्या ओल्या पिशव्या बाहेर काढून स्वतःचे अंगही स्वच्छ करतो. चौथ्या खंडाखाली दुभंगलेला काटा असतो आणि तो पुढे वळून तिसऱ्या खंडावरील एका चिमुकल्या आकड्यात, ताणून अडकविलेल्या उंदीर-सापळ्याच्या कमानीप्रमाणे, धरून ठेवलेला असतो. प्राण्यास धोका जाणवला की आकडा सुटतो, काटा जमिनीवर आदळतो आणि प्राणी हवेत फेकला जातो. गोलसर शरीराच्या एका जातीचे अतिवेगवान चित्रण करून अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, ती सुमारे ६० मिलिमीटर उंच उडते आणि उडताना सेकंदास ३६८ फेऱ्यांपर्यंतच्या गतीने मागच्या मागे कोलांट्या घेते. खोल मातीत राहणाऱ्या जातींना मात्र उडीचे प्रयोजनच नसते. त्यांचा काटा आखडलेला किंवा अजिबात नाहीसा झालेला, डोळे लोपलेले आणि रंग पांढरा असतो. यास्तव बरणीत आलेल्या प्राण्याचा रंग, डोळे आणि काटा एवढे पाहिले तरी तो पृष्ठभागावरचा रहिवासी की तळघरातला, याचा अदमास बांधता येतो.

हे घराणे किती पुरातन आहे हे सांगणाऱ्या कथेत एका भारतीय शास्त्रज्ञाचा भाग आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळच्या गारगोटीसारख्या खडकात सापडलेल्या संधिपादांच्या अवशेषांचे वर्णन १९२६ साली हर्स्ट आणि मौलिक या दोघांनी प्रसिद्ध केले. यांपैकी समरेंद्र मौलिक हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे भारतीय कीटकशास्त्रज्ञ. त्या अवशेषांतील ‘ऱ्हायनिएला’ हा प्राणी स्प्रिंगटेल ठरला. तो खडक सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ज्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बेंबळीची काळी माती तयार झाली, तो दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. म्हणजे जे जीव आज या मातीत चरत आहेत त्यांचे कुळ या मातीच्या जनक-खडकाहून सहा पटींनी जुने आहे. जमिनीवर वनस्पती नुकत्या कुठे उभ्या राहू लागल्या होत्या, त्या काळापासून मृत वनस्पतींचा जमाखर्च हे कुळ सांभाळीत आलेले आहे.

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस तापलेल्या रानावर पडला म्हणजे जो सुवास दरवळतो, त्याच्याशीही या जीवांचा निकटचा संबंध आहे, आणि हा संबंध जगाला कळून फार वर्षे झालेली नाहीत. कनौजचे अत्तरकार मातीच्या भाजलेल्या चकत्यांतून हा सुवास ऊर्ध्वपातनाने चंदनाच्या तेलात उतरवीत आले आहेत. बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याची रासायनिक चिकित्सा केली आणि पुढच्याच वर्षी त्यातील ‘जिऑस्मिन’ या द्रव्याचे नाव शास्त्रात रुजू झाले. स्ट्रेप्टोमायसिस या कुळातील जिवाणू हे द्रव्य निर्माण करतात. हवेच्या लक्षकोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी मनुष्याच्या नाकास ते जाणवते. पण जिवाणूने हे द्रव्य आपल्यासाठी खचितच बनविलेले नाही. मग कोणासाठी? स्वीडन व इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. जिवाणूला बीजाणू धरू लागतात त्याच वेळी, त्याच नियंत्रणाखाली, जिऑस्मिनही तयार होते. स्प्रिंगटेलच्या मिशांना त्याचा वास कळतो. वासाच्या रोखाने तो येतो, जिवाणूची वसाहत खातो आणि काही बीजाणू अंगाला चिकटवून व काही पोटातून जिवंत बाहेर टाकून ते इतरत्र पसरवितो. हे जिवाणू जी प्रतिजैविके निर्माण करतात, जी त्यांच्या आसपासच्या अनेक जीवांस विषासमान ठरतात, ती पचविण्याची साधने स्प्रिंगटेलच्या शरीरात असतात. ज्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगाच्या चिकित्सेत क्रांती घडविली ते १९४३ साली याच कुळातून हाती आले, हे ध्यानी घेतले म्हणजे या देवघेवीचे महत्त्व अधिक कळते.

असल्या जीवांना घरात बाळगणे विचित्र वाटेल, म्हणून सांगितले पाहिजे की या उद्योगास थोर परंपरा आहे. केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहणाऱ्या चार्ल्स डार्विनने आपल्या अभ्यासिकेत मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळली होती. त्यांच्यापुढे शिट्टी, बॅसून हे सुषिरवाद्य आणि पियानो वाजवून पाहिले, तेव्हा ती हवेतील नादास बधिर ठरली, पण कुंडी पियानोवरच ठेवून स्वर छेडताच कंपनाने दचकून बिळात शिरली. हे सारे त्याने १८८१ साली निघालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात नोंदवून ठेविले आहे. त्याचा तरुण शेजारी जॉन लबॉक हा व्यवसायाने पेढीवाला आणि पार्लमेंटचा सभासद. पेढ्यांना सुट्या देणारा १८७१ चा कायदा याच गृहस्थाने मंजूर करून घेतला, आणि कोलेंबोला या गणाला वेगळे स्थान व नाव देऊन १८७३ साली त्यावर सचित्र ग्रंथ लिहिणाराही हाच. दोन काचांच्या मध्ये मातीचा पातळ थर देऊन त्याने घरी मुंग्यांची वारुळे वसविली. त्यांतील एक राणी १८७४ पासून १८८८ पर्यंत त्याच्या घरी जिवंत होती. प्रयोगशाळा किंवा अनुदान नसताना, केवळ नियमित अवलोकनाच्या बळावर या दोघांनी जे मिळविले ते आजही प्रमाण मानले जाते.

आणि एवढ्या दूर तरी कशाला जावे? धाराशिव जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीम घेणारी कुटुंबे आज थोडी नाहीत. कीटकसंगोपनगृहातील शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे: चुना व ब्लीचिंग पावडरीने निर्जंतुकीकरण, थर्मामीटर लावून उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास राखणे, गोणपाट भिजवून हवेतील ओल टिकविणे, अळी कातेवर बसली की पाला थांबविणे, उझी माशी शिरू नये म्हणून जाळ्या लावणे, आणि महिन्याच्या आत कोष चंद्रिकेवरून उतरवून जालन्याच्या किंवा कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात नेणे. ज्या घरातील बायकामाणसे आणि मुले हे काम बिनचूक करतात, त्यांना स्प्रिंगटेलची बरणी सांभाळणे अवघड नाही. तेथे जी दक्षता शेकडो अंडीपुंजांसाठी लागते तीच येथे वीतभर जागेत लागते, आणि पैशाची जोखीम मुळीच नसते.

प्रथम प्राणी मिळविण्याची तजवीज. इटालियन कीटकशास्त्रज्ञ बर्लेझे याने १९०५ साली एक नरसाळे योजले आणि स्वीडनच्या टुलग्रेनने १९१८ साली त्यावर विजेचा दिवा बसविला. तेच उपकरण पाण्याच्या जुन्या बाटलीपासून घरी होते. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरावा, त्यात मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बसवून त्यावर कुजका पाला किंवा जुन्या शेणखताचा ओंजळभर थर सैलसर ठेवावा आणि खाली ओला टीपकागद घातलेला डबा मांडावा. वर दिवा लावला की थर वरून तापू व सुकू लागतो, आणि ओल शोधीत खाली उतरणारे जीव एकामागून एक डब्यात पडतात. येथे एक गोष्ट विसरू नये: आजकाल घरोघर असलेले एलईडी दिवे पुरेशी ऊब देत नाहीत, त्यामुळे जुना पिवळा पंचवीस-चाळीस वॉटचा दिवा मिळवावा, नाही तर नरसाळे सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावे. घाईने प्रखर ताप दिला तर प्राणी खाली उतरण्यापूर्वीच थरात सुकून मरतात. या कामास एक-दोन दिवस द्यावे लागतात. दुसरा उपाय याहून सोपा आहे. पसरट भांड्यात माती घेऊन तीवर सावकाश पाणी ओतावे. स्प्रिंगटेलच्या त्वचेस पाणी लागत नाही, त्यामुळे तो बुडत नाही. पाण्याच्या पृष्ठावर तरंगू लागलेले प्राणी चित्रकलेच्या बारीक कुंचल्याने किंवा कागदाच्या कडेने उचलता येतात. डब्यात त्यांच्यासोबत माइट, सहस्रपादांची पिल्ले, मुंग्या आणि क्वचित एखादा इवलासा कोळीही उतरतो. त्यांतून स्प्रिंगटेल तेवढे वेचून घेणे हे या उद्योगातील सर्वांत चिकाटीचे काम होय, कारण एक भक्षक माइट बरणीत राहिला तर काही आठवड्यांत सारी वसाहत फस्त होते.

बरणीच्या तळाशी काय असावे याविषयी जगभरच्या प्रयोगशाळांत एकच पद्धत रूढ आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे आठ-नऊ भाग आणि कुटून वस्त्रगाळ केलेल्या कोळशाचा एक भाग, वजनाने, एकत्र करून पाण्यात कालवावेत व डब्यात सेंटिमीटरभर जाडीचा थर ओतून, डबा हलकेच आपटून बुडबुडे काढून, वाळू द्यावा. कोळसा लाकडाचा हवा, दगडी नव्हे. प्लास्टर पाणी धरून ठेवते, कोळसा दुर्गंध शोषतो, आणि काळसर पृष्ठभागावर पांढरे प्राणी व त्यांची अंडी ठळक दिसतात. थर वाळल्यावर त्यावर पाणी टाकीत जावे. ते शोषले जाण्याचे थांबले आणि पृष्ठावर किंचित चमक राहिली की थांबावे. पाणी पावसाचे साठविलेले असेल तर उत्तम. या भागातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने ते थरावर पांढरी पुटे धरते. ज्यांना प्लास्टरचा खटाटोप नको त्यांनी लाकडी कोळशाचे खडे बरणीत भरून तळाशी बोटभर पाणी ठेवले तरी चालते, आणि प्राणी दुसरीकडे हलवायचे असतील तेव्हा बरणीत पाणी भरले की ते आपोआप वर तरंगून येतात. मात्र त्या पद्धतीत अंडी दिसत नाहीत, आणि अंडी न पाहता हे संगोपन करणे म्हणजे त्यातील निम्मा आनंद गमावणे होय.

अन्न म्हणून बेकरीतील सुके यीस्ट सर्वोत्तम. ते नसेल तर कच्च्या तांदळाचे चार दाणे टाकावेत. त्यांवर येणारी बुरशी हे जीव चरतात. बहुतेक वसाहती उपाशी मरत नाहीत, अतिभोजनाने मरतात, हे लक्षात ठेवावे. यीस्टचे मोजके कण आठवड्यातून एक-दोनदा, आणि ते संपल्यावाचून पुन्हा नाहीत, असा जाबता ठेवावा. उरलेल्या अन्नावर काळी-हिरवी बुरशी माजली तर तेवढा भाग कुंचल्याने खरवडून काढावा. झाकण घट्ट असू द्यावे, पण आठवड्यातून एकदा उघडून हवा बदलावी. बरणीजवळ डासांची वडी, मुंग्यांचा खडू किंवा फवारा अजिबात वापरू नये, आणि काळ्या मुंग्यांपासून रक्षण करण्यासाठी बरणी पाणी घातलेल्या ताटलीत, विटेच्या तुकड्यावर ठेवावी.

नियमाने पाहू लागले की पहिल्या महिन्यातच बरणीचा इतिहास वाचता येऊ लागतो. फोल्सोमिया कँडिडा नावाची पांढरी, आंधळी जात प्रयोगशाळांत सर्वत्र पाळली जाते. तिच्या वसाहतीत केवळ माद्या असतात, आणि नराच्या साहाय्यावाचून त्या अंडी घालतात. त्यांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेला वोल्बाकिया हा जिवाणू या अनिषेक प्रजननाशी निगडित आहे. वीस अंश तपमानात तीस-पन्नास अंड्यांचे पांढरे पुंजके सुमारे दहा दिवसांत फुटतात. पिल्ले मोठ्यांसारखीच दिसतात, कारण या गणात अळी, कोष अशा अवस्था नाहीत. आणि कात टाकण्याचे काम प्रौढपणीही थांबत नाही, एकच मादी आयुष्यात पंचेचाळीस वेळांपर्यंत कात टाकते. ज्या जातींत नर असतात त्यांतील अनेकांत नर-मादीची भेटही होत नाही: नर बारीक देठावर वीर्याचा थेंब उभा करून निघून जातो आणि मादी वाटेत भेटलेला तो थेंब उचलते. हा देठावरचा थेंब भिंगाखाली एकदा पाहण्यास मिळाला तर त्या निरीक्षकाने स्वतःस भाग्यवान समजावे.

बेंबळीत खरी कसोटी लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला की समशीतोष्ण देशांतील जातींचे प्रजनन थांबते आणि पुढे वसाहतच नष्ट होते. त्यासाठी पाण्याच्या माठाखालील ओल्या वाळूत बरणी पुरून ठेवावी. माठाच्या पाझराने तेथे बाष्पीभवनाचा गारवा सतत राहतो. मुळात आपल्याच परसातून घेतलेली जात पाळावी हे उत्तम, कारण तिच्या पूर्वजांनी येथले असंख्य उन्हाळे काढलेले असतात.

ते कसे काढले असतील, या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे. या जिल्ह्याचे पर्जन्यमान सरासरीने वर्षास सात-साडेसातशे मिलिमीटर, तेही बेभरवशाचे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांचे दुष्काळ येथे कोणी विसरलेले नाही. स्प्रिंगटेलला तर बहुतांशी त्वचेनेच श्वसन करावे लागते, आणि श्वास घेऊ देणारी त्वचा पाणीही निसटू देते. परंतु दुष्काळाचे आपले माप आणि मातीतील जीवाचे माप यांत फार मोठे अंतर आहे. ज्वारीचे ताट पाण्याअभावी कायमचे कोमेजते त्या क्षणीही मातीच्या छिद्रांतील हवेची सापेक्ष आर्द्रता ९८.९ टक्के असते. वनस्पतीला मुळ्यांनी पाणी ओढणे अशक्य व्हावे अशा त्या अवस्थेत फोल्सोमिया काय करतो, हे डेन्मार्कमधील बेली व होल्मस्ट्रुप यांनी १९९९ साली दाखवून दिले: तो आपल्या शरीररसात ग्लुकोज आणि मायोइनोसिटॉल ही द्रव्ये साठवितो, रस दाट करतो, आणि ९८.२ टक्के आर्द्रतेच्या हवेतून पाण्याची वाफ अंगात ओढून घेतो. ही सोय संथपणे वाळणाऱ्या मातीतच उपयोगी पडते. उघडी पडून उन्हाने भाजलेली पृष्ठभागाची माती याहून कितीतरी कोरडी होते. तेथे जे जीव उरतात ते काळ्या रानाच्या भेगांतून खाली उतरल्याने किंवा अंड्यांच्या रूपाने उरतात. रानावर पाल्याचे आच्छादन असणे अथवा नसणे यावर हजारो जीवांचे जगणे-मरणे कसे अवलंबून असते, हे बरणीचे झाकण एक दिवस उघडे राहिले की दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दिसते.

इतर लघुजीवांविषयी थोडक्यात. विटांखाली सापडणारे राखाडी, चौदा पायांचे, स्पर्श करताच काही जातींत गोळी होऊन बसणारे जीव हे कीटक नसून कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातले आहेत. उदराखालच्या पानांसारख्या अवयवांनी ते श्वसन करतात, आणि मादी आपली अंडी पोटाखालच्या ओल्या पिशवीत वागविते. वाळका पाला, ओली माती आणि कवचासाठी चुना एवढ्यावर ते वर्षानुवर्षे राहतात; अंड्याची टरफले अथवा काळ्या मातीत आढळणारे चुनखडीचे खडे त्यांना पुरतात. त्यांच्या डब्यात स्प्रिंगटेल सोडले तर बुरशीचा परस्पर बंदोबस्त होतो, आणि परदेशांत काचेच्या पेटीत वनस्पती व बेडूक पाळणारे लोक याच कारणासाठी दोघांना एकत्र नांदवितात. गांडूळखताचे वाफे तर आता गावोगाव झाले आहेत. त्या वाफ्याच्या कडेचा ओला गोणपाट उचलून पाहणाऱ्यास स्प्रिंगटेलचा मोठा मेळा तेथे आयताच मिळेल, आणि त्यांना कीड समजून औषध मारण्याचे मुळीच कारण नाही.

या संगोपनाचा एक उपयोग मात्र विस्ताराने सांगण्याजोगा आहे. मातीत उतरलेले रसायन जीवांस बाधते की नाही हे ठरविण्यासाठी फोल्सोमियाची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणपरीक्षा १९९९ साली निश्चित झाली, तिची रीत अशी: तीस ग्रॅम ओल्या मातीत दहा ते बारा दिवसांची दहा पिल्ले सोडावयाची, २८ दिवस थांबावयाचे, आणि मग पाणी ओतून तरंगून आलेली संतती मोजावयाची. पाण्यात थोडी काळी शाई मिसळली की पांढरे प्राणी मोजण्यास सुलभ जाते. बेंबळीच्या शाळेतील विद्यार्थ्यांस हे करणे अशक्य आहे काय? सोयाबीनवर वारंवार फवारणी झालेल्या रानाची माती एका डब्यात, बांधावरच्या बाभळीखालची दुसऱ्यात, पाचट जाळलेल्या उसाच्या फडातील तिसऱ्यात, प्रत्येकी सारख्या वजनाची आणि सारख्या ओलीची. तिन्हींत सारख्या संख्येने आपल्याच बरणीत वाढलेली पिल्ले, आणि महिन्याअखेर तिन्ही डब्यांची हजेरी. असा एकच प्रयोग म्हणजे शास्त्रीय निर्णय नव्हे, मातीतील सेंद्रिय अंश, क्षार, पोत यांचाही परिणाम संख्येवर होतो आणि म्हणून प्रत्येक मातीचे अनेक डबे लावून सरासरी काढावी लागते; परंतु ज्या मुलाने ही मोजणी स्वतः केली त्याला ‘जमिनीचा कस’ म्हणजे केवळ नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे नव्हेत, हे पुन्हा सांगावे लागणार नाही. मृदापरीक्षणाच्या पत्रिकेत न उतरणारी एक बाजू त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असेल.

म्हणून येथील शिक्षकांस, रेशीम उत्पादकांस आणि परसात चार कुंड्या असलेल्या प्रत्येक गृहिणीस माझी विनंती आहे की, येत्या जून महिन्यात पहिला पाऊस होऊन जमीन ओलावली म्हणजे एक बरणी लावावी आणि तिच्या शेजारी एक वही ठेवून तारीखवार नोंद करावी: अन्न कधी घातले, अंडी कधी दिसली, पिल्ले कधी फुटली, उष्णता किती होती. शेतकऱ्यांस विनंती अशी की, उसाचे पाचट आणि सोयाबीनचे भुसकट जाळून टाकण्याऐवजी ते रानातच पसरू द्यावे. आणि बरणी बाळगणाऱ्या सर्वांस एक ताकीद: बाहेरून विकत आणलेली परकी जात आपल्या शेतात किंवा परसात कधीही सोडू नये, अशी वसाहत बंद करावयाची झाल्यास डबा उकळत्या पाण्याने धुऊन टाकावा, आणि गावच्या मातीतून घेतलेले जीव मात्र जेथून उचलले तेथेच, सायंकाळी, ओल्या पाल्याखाली परत ठेवावेत.